चाळीस रुपये, दरमहा

सुरुवात एका चेकने झाली. चेक म्हणजे खिशात मावणारा नाही हं! चांगला दाराएवढा, थर्माकोलवर चिकटवलेला, दोघांनी दोन बाजूंनी धरलेला. लोअर परळच्या एका चकाचक हॉटेलात एका कंपनीचा सीएसआरचा कार्यक्रम होता आणि मी तो कव्हर करायला गेले होते. फोटो झाले, टाळ्या झाल्या, मिनी समोसे झाले. चेक घ्यायला आलेल्या शाळेच्या बाईंना मात्र हे धूड टॅक्सीत कसं घालायचं हा प्रश्न पडलेला. शेवटी तो चेक लिफ्टजवळच्या भिंतीला टेकवून त्या निघून गेल्या.

तुमच्याही ऑफिसात असं काही होत असेल. वर्षातून एक दिवस झाडं लावा, एक दिवस अनाथाश्रमात जाऊन केक कापा, वर सगळ्यांना एकसारखे टीशर्ट. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्यानेच आलं. म्हणजे दानधर्म आता एक्सेल शीटमधला एक कॉलम झाला.

परतीच्या लोकलमध्ये डोक्यात किडा वळवळायला लागला. कायदा नव्हता, टीशर्ट नव्हते, तेव्हा या शहरातले शेठ लोक कसं देत होते? जे. जे. हॉस्पिटल, ससून लायब्ररी, राजाबाई टॉवर... आपण रोज यांच्या शेजारून जातो, पण ही नावं माणसांची आहेत हेच विसरून गेलोय. मी लगेच एडिटरला मेसेज केला. उत्तर आलं, ‘मस्त! पण अँगल काय?’

फ्रीलान्सरचं आयुष्य या एका प्रश्नावर चालतं. अँगल शोधायला मी काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीत जाऊन बसले. १८७० सालची इमारत. जिन्यापाशी खुद्द ससूनशेठचा पुतळा. तिथे चार दिवस जुनी पुस्तकं चाळली आणि अँगल सापडला. असा सापडला की मी मनातल्या मनात उडीच मारली.

अफू!

जमशेटजी जिजीभाईंचंच घ्या. सोळाव्या वर्षी आईवडिलांचं छत्र हरपलेला मुलगा. मुंबईहून चीनच्या सफरी सुरू केल्या. १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजावर असताना फ्रेंचांनी ते जहाज पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक डॉक्टर होता. पुढे या डॉक्टरने ‘जार्डिन मॅथेसन’ ही कंपनी काढली. चीनमध्ये अफू विकणारी त्या काळातली ही सगळ्यात बडी पेढी. आणि तिचे मुंबईतले मोठे भागीदार आपले जमशेटजी. माळव्यात पिकणारी अफू मुंबईच्या बंदरातून निघायची आणि कॅन्टनच्या बाजूला उतरायची. १८३९ मध्ये चिनी सरकारने वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, त्यातून पहिलं अफूयुद्ध पेटलं. ते संपलं १८४२ मध्ये. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

ससून घराणंही याच धंद्यात. झालं! हेडिंग तयार होतं, ‘अफूचे दानशूर’. रात्री दोन वाजता मी हजार शब्द खडाखडा टाइप केले. एक वाक्य तर मला इतकं आवडलं होतं की ते मी मैत्रिणीला फॉरवर्डसुद्धा केलं. ‘चिनी माणसाच्या व्यसनावर बांधलेल्या हॉस्पिटलात मुंबईकर बरे होत होते.’

आहे की नाही खटकेबाज?

*

माझं मराठी इंग्लिश मीडियमचं. त्यामुळे माझा प्रत्येक लेख आधी बाबांकडे जातो. बाबा बँकेतून रिटायर झालेत. पेन्सिलला टोक काढतात, चष्मा पुसतात आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसतात. मजकुराबद्दल सहसा बोलत नाहीत. फार तर ‘वाक्य लांबलंय’ म्हणतात.

या वेळी त्यांनी पेन्सिल उचलली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग पेन्सिल खाली ठेवली. कागद नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी पानं उलटून पाहिली. एकही खूण नव्हती. माझ्या लेखात आणि एकही चूक नाही? अशक्य!

दोन दिवस बाबा घरात नुसते वावरत होते. क्रिकेट नाही, शब्दकोडं नाही. आई म्हणाली, ‘काय लिहिलंयस गं तू?’ मी म्हटलं, ‘अगं, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या पारशी शेठवर लिहिलंय. बाबांचा काय संबंध?’

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता बाबांनी विचारलं, ‘चीनचा व्यापार म्हणजे सगळा अफूचाच का गं?’

मी जे वाचलं होतं ते सांगितलं. सगळा नाही. आधी कापूस जायचा, नंतरही जात राहिला. येताना चहा, रेशीम, साखर. पण खरा पैसा अफूत.

‘मला वाटायचं रेशीम,’ बाबा म्हणाले. ‘इतकी वर्षं मला रेशीमच वाटत होतं.’

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी अठ्ठावीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. आईनेही नाही.

*

बाबा १९७९ मध्ये चिपळूणजवळच्या खेड्यातून मुंबईत आले. गिरगावात आत्याकडे चाळीत उतरले आणि कॉमर्सला ॲडमिशन घेतली, एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की आजोबांकडून येणारी मनिऑर्डर दुसऱ्याच टर्मला बंद झाली. आत्याच्या नवऱ्याने खोलीत झोपायला जागा दिली होती, तेवढीच त्यांची ऐपत. फी, पुस्तकं, लोकलचा पास, दुपारचं खाणं... हे कुठून आणायचं?

कॉलेजातल्या एका शिपायाने बाबांना सांगितलं की फोर्टात शेठ लोकांचे जुने ट्रस्ट आहेत, मार्कलिस्ट आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन फिर. बाबा फिरले. तेव्हा कोकणातून, घाटावरून आलेली कितीतरी पोरं अशी फिरायची म्हणे. कुणाच्या ऑफिसात अर्ज सोमवारी मिळायचे, कुणाकडे फक्त जून महिन्यात. आणि बहुतेक अर्जांवर नावाच्या खालची दुसरी ओळ असायची ती जातीची.

‘पाच ठिकाणी तिथूनच परत आलो,’ बाबा म्हणाले. ‘वाईट कुणी वागलं नाही. आमच्या ट्रस्टमध्ये अमुकच समाजाला मिळतं, एवढंच सांगायचे. एकाने पाणी विचारलं. पण परत पाठवलंच.’

सहाव्या ठिकाणी लाकडी जिना होता, वर एक म्हातारे क्लार्क आणि भिंतीवर पगडीवाल्या शेठचं तैलचित्र. अर्ज सायक्लोस्टाइल केलेला. बाबांनी तो तीनदा वाचला. त्यात जातीची ओळच नव्हती. क्लार्कने मार्कलिस्ट पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या महिन्यापासून चाळीस रुपये सुरू झाले. दरमहा. पदवी मिळेपर्यंत. दर महिन्याला त्या जिन्यावरून जायचं, रजिस्टरवर सही करायची, पाकीट घ्यायचं. तैलचित्राखाली शेठचं नाव, साल आणि लिहिलेलं, की कापूस आणि चीनचा व्यापार करून त्यांनी संपत्ती मिळवली व ती लोकोपयोगी कामाला लावली.

त्या ट्रस्टचं नाव मी इथे देत नाहीये. बाबांची तशी अट आहे.

‘पण बाबा, हे तुम्ही कधीच का सांगितलं नाहीत?’

‘काय सांगायचं? आपल्याकडे धर्मादायचं घेतलं असं सांगतात का कुणी?’

हे मात्र मला लगेच समजलं. आमच्या घरात ‘आम्ही कुणाचं फुकट घेत नाही’ हे वाक्य देवघरातल्या गणपतीइतकंच जुनं आहे. शेजारच्यांनी वाटीभर काही दिलं तरी वाटी रिकामी परत जात नाही. पणजोबा वार लावून जेवून शिकले, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ही गोष्ट घरात अभिमानाने सांगितली जाते, कारण ती फार जुनी आहे. बाबांचे चाळीस रुपये अजून तेवढे जुने झाले नव्हते.

*

त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, चला, बघून येऊ. सगळे शेठ एका दिवसात. लोकलला ब्लॉक होता, म्हणून पार्ल्याहून वांद्र्यापर्यंत रिक्षा आणि पुढे बस.

बस माहीमच्या कॉजवेवर आली तशी मी बाबांना माझं नवंकोरं ज्ञान पाजळायला सुरुवात केली. वांद्रे आणि माहीम यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती, लोक होडीने यायचे, होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी पदरचे दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ मध्ये हा रस्ता खुला झाला. त्यांची अट होती, की यावरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. पलीकडे माहीमला लागतो तो लेडी जमशेटजी रोड, म्हणजे आपला एल. जे. रोड, तो यांच्याच नावाचा. खिडकीतून लांबवर सी-लिंकच्या तारा दिसत होत्या. तो २००९ मध्ये सुरू झाला तो टोलनाक्यासकट.

‘म्हणजे आपण रोज बाईंच्या रस्त्यावरून जातो,’ बाबा म्हणाले.

‘अफूच्या रस्त्यावरून,’ मी म्हटलं. मला अजून माझ्या हेडिंगचा मोह सुटला नव्हता.

बाबा काही बोलले नाहीत.

भायखळ्याला उतरून जे. जे.च्या फाटकापाशी गेलो. इथली पद्धत ऐकण्यासारखी आहे. जमशेटजींनी एक लाख रुपये देऊ केले ते असे, की तेवढीच भर सरकारनेही घालावी. १८४३ मध्ये पायाभरणी, १८४५ मध्ये हॉस्पिटल सुरू आणि त्याला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज. म्हणजे नुसते पैसे देऊन मोकळे झाले नाहीत, सरकारलाही खर्चात ओढलं. पुढे आणखी एक लाख चित्रकलेच्या शाळेसाठी दिले, ते १८५७ मध्ये सुरू झालेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १८२२ मध्ये, मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरिबांची देणी त्यांनी स्वतः फेडून त्यांना सोडवलं. तेव्हा ना ‘सर’ होते, ना कुठे पुतळा.

रविवार असूनही फाटकातून माणसांची ये-जा चालूच होती. एक माणूस एक्सरेचं पाकीट डोक्यावर उन्हासाठी धरून चालला होता. एक बाई स्टीलचा डबा आणि चादर घेऊन धावत होती.

‘यांना सांग तुझा लेख,’ बाबा म्हणाले.

मला राग आला. ‘आणि चीनमधल्या माणसाला कोण सांगणार, बाबा? ज्याचा भाऊ अफूच्या नशेत मेला, त्याला काय हॉस्पिटलचा फोटो दाखवायचा?’

बराच वेळ आम्ही दोघंही गप्प. मग बाबा म्हणाले, ‘ते बरोबर आहे तुझं.’ एवढंच. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

*

फोर्टात टॅक्सीने गेलो. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून आधी एका इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा. तिथे मी बाबांना बाकीचे शेठ सांगितले.

कावसजी जहांगीर यांचं आडनाव रेडिमनी! मागाल तेव्हा पैसा हजर, म्हणून पडलेलं. त्यांनी मुंबईत चाळीस ठिकाणी पिण्याच्या पाण्याची कारंजी बांधली, शिवाय युनिव्हर्सिटीच्या कॉन्व्होकेशन हॉलला पैसे दिले. आणि १८६९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातसुद्धा एक कारंजं उभारलं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांनाच पाणी पाजलं म्हणा ना! डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याचं ससून हॉस्पिटल उभं राहिलं. कामा घराण्याच्या पैशातून १८८६ मध्ये बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथे डॉक्टरही बायकाच, कारण पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा अंगावर दुखणं काढणाऱ्या बायका घरोघरी होत्या. आपले नाना शंकरशेट, त्यांनी मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली. संस्कृतमध्ये अव्वल येणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळते, ती १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांनी मिळवली होती.

‘आणि तू?’ बाबांनी मध्येच विचारलं.

‘मी काय?’

‘तुझा जन्म परळच्या वाडियात झालाय. विसरलीस?’

खरंच विसरले होते. नवरोसजी वाडिया मॅटर्निटी हॉस्पिटल, १९२६. गिरण्यांचे मालक असलेल्या कुटुंबाने गिरणगावात बांधलेलं. तीन वर्षांनी शेजारी मुलांचं हॉस्पिटल, बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचं. आईला तिथे दाखल केलं तेव्हा बाबांनी किती पैसे भरले होते, ते त्यांना अजून आठवत होतं. इतके कमी, की मला इथे लिहायला लाज वाटते.

म्हणजे बघा. वाडियात जन्मले, आवाबाईंच्या रस्त्यावरून कामाला गेले, ससूनच्या लायब्ररीत फुकट हवा खात बसले आणि तिथेच बसून या सगळ्यांना एका वाक्यात निकालात काढलं. वर ते वाक्य फॉरवर्ड केलं!

नंतर ओव्हलच्या कडेला उभं राहून राजाबाई टॉवर बघितला. प्रेमचंद रायचंद यांची गोष्ट तर सिनेमाच आहे. अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते १८६५ नुसता पैशाचा पाऊस. प्रेमचंद म्हणजे त्या शेअरबाजाराचे राजे. १८६४ मध्ये त्यांनी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला दोन लाख दिले, मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख आणि मनोऱ्याला आईचं नाव. १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई थांबली आणि सगळा फुगा फुटला. कित्येक घरं धुळीला मिळाली, बँक ऑफ बॉम्बे बुडाली, प्रेमचंदही कफल्लक झाले. दिलेले पैसे मात्र युनिव्हर्सिटीकडे होते. १८६९ मध्ये पाया घातला आणि १८७८ मध्ये, बाजार कोसळून तेरा वर्षं झाल्यावर, आईच्या नावाचा मनोरा पूर्ण झाला.

‘जे ठेवलं ते गेलं आणि दिलं ते राहिलं,’ मी म्हटलं. (हेही वाक्य वापरायचं असं मी तेव्हाच ठरवलं होतं.)

बाबा बँकेतले. त्यांना वाक्यात रस नसतो. ‘बुडाले ते कुणाचे पैसे होते?’ त्यांनी विचारलं. ‘बँकेत ठेव ठेवणारी माणसं होती ना? त्यांचं काय झालं?’

गंमत म्हणजे आता आमच्या बाजू बदलल्या होत्या. सकाळपासून मी शेठ लोकांना पिंजऱ्यात उभं करत होते आणि बाबा गप्प होते. आता मी मनोऱ्याच्या प्रेमात पडले होते आणि बाबा हिशेब मागत होते.

*

शेवटचं ठिकाण बाबांनी ठरवलं. मिंट रोडच्या बाजूला रतनसी मुळजी जेठा यांनी १८९४ मध्ये बांधलेलं एक कारंजं आहे. त्यांचा मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी वारला, त्याच्या आठवणीसाठी. वर त्या मुलाचा पुतळा. ट्रस्टच्या ऑफिसातून पाकीट घेऊन निघालं की बाबा रोज नाही तरी अधूनमधून इथे येऊन उभे राहायचे म्हणे.

‘इथे का?’

‘तिथे जिन्यावर हात जोडले असते तर कुणीतरी पाहिलं असतं.’

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. १९८४ मध्ये बाबा बँकेत लागले. दोन वर्षांनी सगळे पैसे जमवून ते पुन्हा त्या लाकडी जिन्यावरून वर गेले, परत द्यायला. क्लार्क दुसरे होते. त्यांनी रजिस्टर काढलं आणि म्हणाले, ‘परतफेडीचं खातंच नाही आमच्याकडे. देणगी म्हणून घेतो. पावती कुणाच्या नावे?’

आणि इथे बाबा अडकले. देणगीदारांची नावं वार्षिक अहवालात छापून यायची. बँकेतल्या कुणी पाहिलं तर विचारणार, अरे, याच ट्रस्टला का? मग सगळं सांगावं लागणार. बाबांनी भिंतीकडे पाहिलं आणि तैलचित्रातल्या शेठचंच नाव सांगितलं.

‘म्हणजे शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने स्वतःच्याच ट्रस्टला देणगी दिली?’

‘क्लार्क पण हसले. पण पावती फाडली.’

पुढे दर जूनमध्ये बाबा जात राहिले. दर वर्षी पावती त्याच नावाने. ट्रस्टची अवस्था तोवर बेताचीच झाली होती. असे जुने ट्रस्ट चालतात कसे, तर मूळ रक्कम सरकारी रोख्यांत किंवा इमारतींत अडकवायची आणि व्याज नाहीतर भाडं वाटायचं. शेठच्या वेळी ही फार शहाणपणाची व्यवस्था होती. पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या आकड्यावर थिजली आणि महागाईने व्याज खाल्लं. ज्या पैशात एके काळी एका मुलाचं अख्खं वर्ष निघत असेल, त्यात आता महिन्याचा पास येईना. ‘आता ते काय देतात कुणास ठाऊक,’ बाबा म्हणाले, ‘पण देतात. मी विचारतो दर वेळी.’

मी त्यांना विचारलं, आता अफूचं कळल्यावर येत्या जूनला काय करणार?

बाबा पुतळ्याकडे बघत होते. कारंज्याच्या कठड्यावर एक कुरिअरवाला बॅग उशाला घेऊन झोपला होता.

‘जाणार,’ ते म्हणाले. ‘तो पैसा चांगला नव्हता, हे मला आता कळलं. पण मला तो मिळाला नसता तर मी परत गेलो असतो. दोन्ही खरंय. मी दोन्हीतलं एक खोटं कसं म्हणू?’

मी काहीच बोलले नाही. माझ्याकडे याच्यावर अँगल नव्हता.

*

घरी येऊन मी जुना लेख उडवला. शेठ लोकांना देव करून नवा लिहावा असंही वाटेना. नावासाठी दिलं, पदवीसाठी दिलं, पुष्कळदा आपल्याच समाजापुरतं दिलं, हे खरंच आहे. ज्या पाच जिन्यांवरून बाबा परत आले तेही दानशूरांचेच होते. आणि ज्यांच्या घरातून हा पैसा निघाला ती चिनी माणसं, ते ठेवीदार, ते गिरणीत राबणारे, त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही.

पण एका गोष्टीपाशी मी सारखी अडते. ज्याने तो अर्ज पहिल्यांदा तयार केला असेल त्याने जातीची ओळ वगळली. कुणीतरी ठरवून वगळली असणार, कारण बाकी सगळे ती घालत होते. शंभर-सव्वाशे वर्षांनी चिपळूणहून कोण मुलगा जिना चढून येणार हे त्याला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायचंही नव्हतं. माझ्या त्या थर्माकोलच्या चेकवर शाळेचं नाव होतं, कंपनीचं नाव होतं, लोगो होता, तारीख होती. आज माझ्या बाबांसारखा मुलगा तिथे गेला, तर त्याने कुठल्या जिन्यावरून वर जायचं हे मात्र मला सापडलं नाही.

हा लेख छापायचा का, हे मी बाबांना विचारलं. ट्रस्टचं नाव नको, माझं नाव नको, बाकी लिही, म्हणाले. आईने तेवढ्यात जूनमध्ये मीही येणार म्हणून जाहीर केलं. चाळीस वर्षं नवरा जूनमध्ये कुठे जातो हे बायकोला कळू नये, याबद्दल तिचा राग वेगळा आहे आणि तो बराच काळ टिकेल अशी लक्षणं आहेत.

जून यायला अजून वेळ आहे. मी माझ्या खात्यातून दर महिन्याला थोडे बाजूला काढायला सुरुवात केलीये. फ्रीलान्सरचे ‘थोडे’ म्हणजे खरंच थोडे. पावती कुणाच्या नावे हे मी ठरवलेलं नाही.

काल रात्री हा लेख नेहमीप्रमाणे बाबांच्या हातात दिला. त्यांनी पेन्सिलला टोक काढलं, चष्मा पुसला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. अफूचा परिच्छेद आला तसे ते थांबले. आता काट मारणार, असं मला वाटलं. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, एक छोटीशी खूण केली आणि पुढे गेले.

सकाळी कागद उघडून पाहिले. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी सगळीकडे ‘अफु’ असं लिहिलं होतं आणि त्यांनी एकालाही हात लावला नव्हता. या वेळी परिच्छेद जसाच्या तसा होता. फक्त पहिल्या ‘अफु’भोवती गोल आणि समासात त्यांचं ते सुवाच्य बँकेतलं अक्षर.

‘फू दीर्घ. सगळीकडे नीट लिही.’